गवत कमी, सावली बंद

दुकानात नवा माणूस आला की आधी माझ्या डोक्यावरून मागे बघतो. मागे भिंत आहे आणि भिंतीवर कॅलेंडर आहे. त्या कॅलेंडरलाच तो विचारतो, "मालक न्हाईत व्हय?" मालक मीच, असं सांगितलं की तो पुन्हा एकदा कॅलेंडरकडे बघतो. मग, "न्हाय म्हंजे, कॉम्प्युटरचं बघतंय कोण?" तेही मीच. मग तो खुर्ची ओढून बसतो आणि चहा येईपर्यंत मला अक्का म्हणायला लागतो. कोल्हापुरात एकदा अक्का म्हटलं की निम्मा सौदा झाला असं समजावं. उरलेला निम्मा भांडणात होतो.

राजारामपुरीच्या एका बोळात माझं हे दुकान. आधी इथं टायपिंगचा क्लास होता, तोही माझाच. टाईपरायटर गेले, कॉम्प्युटर आले, आणि बिघडलेले कॉम्प्युटर उघडता उघडता मी त्यांच्या पोटात शिरले ती आजवर बाहेर आलेली नाही. आता तारेला सोल्डरिंगचा डाग द्यायला घेतला की नेम चुकतो. शिवाय लोक माल मोबाईलवर मागवतात आणि जोडायला तेवढे माझ्याकडे येतात, म्हणजे लग्न परस्पर ठरवायचं आणि अक्षता टाकायला आम्हाला बोलवायचं. तेव्हा लवकरच शटर खाली ओढायचा विचार आहे. मागे वळून बघताना सगळ्यात जास्त आठवतात ती ग्राफिक कार्डाची गिऱ्हाइकं, त्यातही कमी पैशात चांगलं कार्ड मागणारी. महाग कार्डवाला येतो, नाव सांगतो, घेऊन जातो. त्याच्यावर लिहिण्यासारखं काही नसतं.

यातलं काही माहीत नसलेल्यांसाठी सांगते. कॉम्प्युटरमधला प्रोसेसर म्हणजे लग्नघरचा आचारी. डोकं त्याचं, पण अख्ख्या पंगतीच्या पुऱ्या तो एकटा लाटू शकत नाही. त्यासाठी ओळीनं बायका बसवाव्या लागतात. प्रत्येकीचं काम साधं, पण सगळ्यांचे हात एकदम चालतात. ग्राफिक कार्ड म्हणजे त्या बायका. गेममधलं झाड, रस्ता, ढग, सगळं त्या रंगवतात, आणि डोळ्याची पापणी लवायच्या आत पुन्हा रंगवतात. बायका कमी पडल्या की पंगत खोळंबते, म्हणजे गेम अडकत अडकत चालतो. कार्डावर जीबी लिहिलेले असतात ती परात. परात मोठी आणली म्हणून पुऱ्या जास्त लाटल्या जात नाहीत, हे मी घसा कोरडा पडेपर्यंत सांगितलंय. तरी पहिला प्रश्न "किती जीबीचं?" हाच असतो. म्हैस किती लिटर देते, तसा.

बजेटातलं कार्ड घ्यायचं तर आधी घरातला पडदा केवढा आहे ते बघावं. मग कुठला गेम खेळणार ते ठरवावं. मग वीज पुरवणारा डबा, म्हणजे पॉवर सप्लाय, त्या कार्डाला पुरेल का ते तपासावं. आणि रंगीत दिव्यांकडे सगळ्यात शेवटी बघावं. आमची माणसं बरोबर उलटी जातात. आधी दिवे.

आणखी एक, आमच्याकडे कार्ड घ्यायला एकटं कुणी येत नाही. मुलगी बघायला जावं तसे पाचसहा जण येतात. त्यातल्या एकाला यातलं कळतं असा बाकीच्यांचा समज असतो. कोडोलीचे एक गृहस्थ असेच लवाजमा घेऊन आले. बाजारात फिरून त्यांनी एक स्वस्त कार्ड मिळवलं होतं आणि तसंच एक माझ्याकडचं बघायचं होतं. दोन हातांत दोन कार्डं घेऊन त्यांनी वांगी जोखावी तशी जोखली.

"हे माझं जड हाय की! तुमचं पोकळ वाटतंय."

मी म्हटलं, "जड आहे, पण राबून आलंय." मध्यंतरी कॉम्प्युटरवर बिटकॉइनसारखी नाणी तयार करायचं खूळ आलं होतं. लोकांनी कार्डं रात्रंदिवस जुंपली आणि खूळ ओसरल्यावर धुऊनपुसून बाजारात आणली. थकलेल्या बैलाची शिंगं रंगवावीत, तसं. बैल म्हटल्याबरोबर त्यांचे डोळे चमकले. "मग दात दावा की!"

मी स्क्रू काढून पंखा बाजूला केला. कार्ड थंड ठेवणारा आतला लेप वाळून खडूसारखा झाला होता. सगळ्या लवाजम्यानं वाकून वाकून आत बघितलं, एकानं तर वासही घेतला, आणि बैल नापास झाला. माझं कार्ड त्यांनी घेतलं. जाताना मात्र पिशवी हलवून म्हणाले, "अक्का, वजनाला कमीच पडलं बघा."

सुवर्णा आली ती मात्र एकटी आली, म्हणून लक्षात राहिली. शिरोळकडची शेतकऱ्याघरची सून, तिशी ओलांडलेली. डोक्यावरचा पदर आणि खांद्यावरची पर्स दोन्ही सांभाळत ती पायरीवर उभी राहिली. तिनं मालक कुठं आहेत असं विचारलं नाही.

"अक्का, आमच्या मामंजींना ट्रॅक्टर पायजे."

"बाई, मी कॉम्प्युटर विकते."

"कॉम्प्युटरमधलाच पायजे. बसून सांगतो." आमच्याकडच्या बायका अशाच, येतो-जातोच्या भाषेत बोलतात.

तिनं बसून सांगितलं ते असं. सासरे तात्या. जन्म ट्रॅक्टरवर गेला, आणि त्या धक्क्यांनी मणका गेला. ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी निक्षून सांगितलं की आता ट्रॅक्टरवर बसायचं नाही, एक दणका बसला तर पाय कायमचे जातील. तात्यांनी दवाखान्यात शहाण्या मुलासारखी मान डोलावली, आणि टाके वाळतात न वाळतात तोच गोठ्यामागून ट्रॅक्टरकडे निघाले. नवरा पुण्याला कंपनीत. रान भाड्याच्या ट्रॅक्टरवर. तो ड्रायव्हर सऱ्या वाकड्या सोडायचा आणि त्या वाकड्या सऱ्या बघून तात्यांना जेवण जायचं नाही. सुवर्णानं किल्ली ज्वारीच्या डब्यात लपवली होती, आणि दळण द्यायच्या दिवशी ती कुठं ठेवायची याचा घोर वेगळा.

"मोबाईलवर बघितलं मी. एक माणूस घरात बसून नांगरत व्हता. चाक हातात, समोर रान. ह्यात धक्का बसत न्हाय, व्हय की न्हाय?"

"नाही बसत."

"मग ते घालून द्या. आमच्या मालकांचा शिकतानाचा कॉम्प्युटर पडून हाय. दुधातनं साठवलंय थोडं, त्यात बसवा." आणि एकदम तिचे डोळे भरले. "पाय गेलं तर माणूस जगणार न्हाय अक्का. असा खुर्चीत बसणारा गडी न्हाय त्यो."

मी पुष्कळ कार्डं विकली. कुणी अभ्यासाच्या नावाखाली नेलं, कुणी डिझाईनच्या. माणसाचे पाय वाचवायला कार्ड मागणारं गिऱ्हाईक पहिल्यांदाच बघितलं.

दोनचार दिवसांनी ती परत आली ती रिवाजाप्रमाणे, म्हणजे अख्खी भावकी घेऊन. तात्यांना सुगावा लागला होता आणि आपल्यासाठी काही घेतलं जातंय तर ते आपण न बघता कसं घेतील, असं म्हणून तेही आले होते. कंबरेला पट्टा, पाठीशी उशी, डोक्याला टोपी. सोबत त्यांचे चुलतभाऊ नाना. या दोघांचं बांधावरून कैक वर्षं वाजलेलं, पण खरेदीला एकमेकांशिवाय पाऊल उचलत नसत.

तात्यांनी कार्ड उलटसुलट करून बघितलं. "किती एचपीचं?"

इतक्या वर्षांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता, आणि जीबीपेक्षा तो कितीतरी बरा होता. मी म्हटलं, "तात्या, हे लहान ट्रॅक्टरएवढं समजा. मोठा नांगर ओढणार नाही, पण सरी सोडेल."

"मग घरच्या मोठ्या टीव्हीला जोडायचं न्हाय. बारका ट्रॅक्टर आन् भलं मोठं रान, धापा टाकतंय ते."

"बरोबर. लहान पडदाच ठेवा. आणि एक आधीच सांगते, मागनं भांडण नको. या कार्डावर काही गोष्टी कमी कराव्या लागतील. गवत कमी दिसेल."

"काय कमी?"

"गवत. रानातलं गवत दाट दिसणार नाही."

तात्यांनी भावकीकडे बघितलं. "मग लई बेस झालं की! जल्म गेला भांगलण्यात. आनि?"

"झाडांच्या सावल्या बंद कराव्या लागतील."

"करा की बंद! ह्या नानाचा आंबा बांधावर हाय. त्याच्या सावलीनं माझा कडंचा ऊस कवा गुडघ्याच्या वर आला न्हाय."

"झाड माझ्या हद्दीत हाय," नाना म्हणाले.

"सावली माझ्या हद्दीत हाय की!"

मी घाईनं पुढचं सांगितलं, की लांबचं जरा धूसर दिसेल. "लांबचं बघायचंय कुणाला? लांब ह्यांचंच रान हाय," तात्या म्हणाले. मग मला विचारू लागले, "आन् महागातलं कारड घेतलं तर काय मिळतंय?"

"दाट गवत. गडद सावल्या."

"म्हंजे पैसं मोजून तण इकत घेत्यात?" तात्या हसायला लागले ते पट्ट्यावरून पोट धरून. दुकान चालवायला लागल्यापासून मी लोकांना स्वस्तातलं कार्ड पटवून देत आले. कार्ड स्वस्त आहे म्हणूनच ते चांगलं आहे, असं समजून आनंदानं घेऊन जाणारा हा एकच.

जोडायला मी शिरोळला गेले. सोप्यात, म्हणजे पुढच्या खोलीत, टेबल मांडलं, चाक बसवलं, पायातली दांडकी, म्हणजे पेडल, फळीवर घट्ट केली. तात्यांच्या कारभारणीनं, म्हणजे सुवर्णाच्या आत्तीनं, विचारलं की नांगरतंय नक्की कोण, वरचं काचेचं का खालचा डबा? मी डब्याची बाजू उघडून कार्डावर बोट ठेवलं. "आत्ती, सगळं काम हे करतंय. राबणारं हे." त्यांनी कार्डाकडे बघून मान हलवली. माझ्या समजावून सांगण्याचा मला फार अभिमान होता त्या दिवशी.

तात्यांनी गेममधलं रान पहिल्यांदा बघितलं आणि डोक्यावरची टोपी सारखी केली. मग चाक हातात घेतलं. दुपारपर्यंत सोप्यात पाय ठेवायला जागा नव्हती. नाना मागे उभे राहून, "सरी वाकडी चालली," म्हणत होते आणि तात्या, "चाक हलकं हाय रं, रान न्हवं," म्हणत होते. तक्रारी होत्याच. चिखलात रुतत नाही. बांध कोरता येत नाही. शेजारी भांडायला येत नाही. "ह्ये कसलं रान?" असं म्हणत ते उठत नव्हते.

फार वेळ बसायचं नाही, मधून मधून पाठ टेकायची, हे डॉक्टरांनी बजावलेलं. तात्या कॉटवर आडवे झाले की काम खोळंबू नये म्हणून सुवर्णा चाकावर बसायची. कॉटवरून हुकूम सुटायचे. "वळताना नांगर उचल गं! मागं बघ, मागं! ट्रॅक्टर चालवायचा असतोय तो मागं बघून." ती ओठ आवळून चालवायची आणि पोळ्या करपायच्या. मी दोनतीनदा गेले, हेच चित्र. पण तात्या ट्रॅक्टरकडे फिरकत नव्हते, म्हणून करपलेल्या पोळीबद्दल त्या घरात कुणी बोलत नव्हतं.

मग खंडेनवमी आली. सकाळीच सुवर्णाचा फोन. "अक्का, ट्रॅक्टर बंद पडला. आतनं भाजल्यागत वास आला. आन् मामंजी किल्ली मागाय लागलेत. खऱ्याची." पुढचं तिला बोलता येईना. मी स्पिरिट, ब्रश, पेचकस पिशवीत टाकले आणि एसटी धरली.

त्या दिवशी आमच्याकडे अवजारांची पूजा असते. विळा, कोयता, मोटर, ट्रॅक्टर, सगळ्यांना हळदकुंकू आणि फूल लागतं. मग घरातला हा दुसरा ट्रॅक्टर कसा सुटणार? एरवी साध्या माणसांनी डब्याला वरून फूल वाहिलं असतं. पण आत्तीला या अक्कानं, म्हणजे मीच, सांगितलं होतं राबणारं कोण ते. त्यांनी डब्याची बाजू उघडायला लावून थेट कार्डाची पूजा केली होती. पंख्याला हळदकुंकू, दोन पात्यांच्या मध्ये टपोरा झेंडू, आणि समोरच नारळ फोडल्यामुळे आत पाण्याचे शिंतोडे. पूजेनंतर तात्यांनी पहिला फेरा मारायला मशीन सुरू केलं. झेंडूनं पंखा अडवला, कार्ड तापलं आणि आपोआप बंद पडलं. खोबरं भाजल्याचा वास अजून सोप्यात दरवळत होता.

"माझं काय चुकलं?" आत्ती म्हणाल्या. "राबणाऱ्याची पूजा करायची न्हाय व्हय?"

मी कार्ड काढलं, झेंडू सोडवला, स्पिरिटनं पुसून काढलं. जळलेलं काही दिसत नव्हतं, पण ओल खात्रीनं गेल्याशिवाय वीज लावायची नाही. "उद्यापर्यंत वाळू दे," मी म्हटलं.

"उद्या?" तात्या अंगणातून बोलले. ते ट्रॅक्टरजवळ खुर्ची टाकून बसले होते. ट्रॅक्टरला हार होता, चाकाखाली लिंबं होती. "पूजा आज हाय. पूजा केल्यावर औजार चालवलं न्हाय तर वरीसभर रुसतंय. किल्ली आण."

सुवर्णा ट्रॅक्टर आणि खुर्ची यांच्या मध्ये जाऊन उभी राहिली. "न्हाय देणार."

"सुवर्णा."

"मारा, हाकलून द्या, किल्ली देणार न्हाय." तिचा आवाज फुटला. नाना, आत्ती, सगळे अंगणात आले. मीही हातात ब्रश घेऊन उभी. मला वाटलं, एका झेंडूच्या फुलापायी या माणसाचे पाय जाणार, आणि ते फूल कुठं वाहायचं ते मी शिकवलेलं.

तात्यांनी बंडीच्या आतल्या खिशात हात घातला. बाहेर काढला तेव्हा हातात किल्ली होती.

"ट्रॅक्टर घेतला तवा दोन दिल्या व्हत्या. तुमी समदी एकच लपवत बसलाय. आधी ज्वारीत, मग देवघरात, मग म्हशीच्या पेंडीत. मजा बघत व्हतो."

सुवर्णानं पदरानं डोळे पुसले. "मग... कवा चालिवला न्हाय ते?"

"बसणार व्हतो की. लई डाव गोठ्यामागनं गेलतो." तात्या किल्लीकडे बघत बोलत होते. "पर तू डेरीला दूध घालून घालून माझ्यासाठी रान घरात आणलंस. त्याउप्पर मी खऱ्यावर चढलो असतो, तर तुझ्या तोंडाकडं कसं बघायचं?"

मग खाकरले आणि नेहमीच्या आवाजात म्हणाले, "आता रडाय काय झालं? फेरा तर मारायलाच पायजे. चढ वर."

"मी?"

"मग अक्का चढतील व्हय? रोज कोण नांगरतंय मी आडवा झाल्यावर? चढ."

ती पदर खोचून चढली. चाकावर हात ठेवले आणि घाबरून खाली बघितलं. "मामंजी, चुकलं तर पयल्यापास्नं सुरू करायचं बटण कुठं हाय?"

"ह्यात ते न्हाय," तात्या म्हणाले. "म्हणून सावकाश."

पहिल्या झटक्याला ट्रॅक्टरनं उडी मारली, लिंबं फुटली, आणि नाना आपल्या बांधाकडे पळाले. दुसऱ्या खेपेला तो नीट निघाला. अंगणातून रानात, रानातून कडेपर्यंत. वळताना तिनं मान मागे वळवून बघितलं. तात्या खुर्चीत सरळ बसले होते, पट्टा, उशी सगळं विसरून, आणि नुसते ओरडत होते. डोळ्यांतलं पाणी त्यांनी पुसलं नाही. मी मात्र माझं पुसलं, आणि बोटांना लागलेल्या स्पिरिटनं डोळे आणखी चुरचुरले.

कार्ड दुसऱ्या दिवशी सुरू झालं. पंख्याच्या एका पात्यावरची हळद काही केल्या निघाली नाही.

परवा सुवर्णा दुकानात आली. तळहाताला घट्टे पडलेत, ते तिनं मला बांगड्या दाखवाव्यात तसे दाखवले. सगळं रान आता तीच करते, नानांचंही भाड्यानं करते, आणि बांध कोरला म्हणून नाना आता तिच्याशी भांडतात. हे सगळं सांगून झाल्यावर म्हणाली, "अक्का, जरा मोठं कारड पायजे."

"का? ते चालत नाही?"

"चालतंय की. पर मामंजी आता त्यात नांगरत न्हाईत फार. ट्रॅक्टर बांधाला झाडाखाली लावत्यात आन् बसत्यात बघत. म्हंत्यात, राबणारी दुसरी आली, आता बसायला सावली पायजे. सावली चालू करून आण."

माझ्याही शटरचे दिवस जवळ आलेत, त्यामुळे राबून झाल्यावर सावली का लागते ते मला लवकर कळलं. मग कपाटातून एक बरं कार्ड काढलं. जुनं, हळद लागलेलं, मी ठेवून घेतलं, विकायला नाही.

"दाट सावली पडेल यावर," मी म्हटलं. "गवतही दाट करून देऊ का?"

"नको, नको," सुवर्णा म्हणाली. "बजावून पाठिवलंय त्यांनी. गवत मातुर कमीच ठेवा."